न उघडलेलं पेव

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणत्या दरोड्यातला आरोपी कोणत्या चोरीत होता, हेही मला धड सांगता येणार नाही. एका पेवाचा मामला मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढं आहे. त्यातली माणसं हयात असतील, नसतील. म्हणून नावं देत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. मुलूख निजाम सरकारचा, आणि मी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या डोंगरकडेच्या एका ठाण्याचा अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. ठाणं कसलं, दोन खोल्या, एक कोठडी आणि पुढं लिंबाचं झाड. फिर्यादी मराठीत बोलायचा आणि कारकून ते उर्दूत उतरवून घ्यायचा. मग आपण काय बोललो हे आपल्यालाच वाचता न येणाऱ्या कागदावर फिर्यादी मोठ्या आदरानं अंगठा उठवायचा. हाताखाली एक जमादार होता. बिदरकडचा, दख्खनी बोलणारा, अंगानं धिप्पाड आणि मनानं उतावळा. गुन्हेगार कोण हे तो घोड्यावर बसेपर्यंत ठरवून टाकी. निम्म्या वेळा त्याचं बरोबर निघे, हीच खरी अडचण होती.

श्रावणात, पंचमीच्या तोंडावर, एक शेतकरी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसला. उमरग्याच्या पलीकडून, जिथं निम्मं गाव कानडी बोलतं तिथून, तो आला होता. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ जातो, तसा हा मुराळी होऊन निघाला होता आणि रिकाम्या हातानं परतत होता.

"अक्काला न्यायला गेलतो साहेब," तो म्हणाला. "दाजी म्हनत्यात, ती आखाडातच तुमच्याकडं गेली. आमच्याकडं आलीच न्हाय वो ती."

"कोणाबरोबर गेली?"

"एकटीच, म्हनत्यात. आन् तिचं चांगलं लुगडं तितंच खुटीवर हाय. पेटीत चांदीच्या पाटल्या हायती. माहेरी निघालेली बाई असलं समदं ठिवून जाती का?"

प्रश्न बिनतोड होता. फिर्याद लिहून घेतली.

त्याच्या दाजीला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, तालुक्यात सगळे अप्पा म्हणत. लिंगायत वाणी. बाजाराच्या गावी त्याचं चांगलं चालतं किराणा दुकान होतं. बायको दुकानात त्याच्या शेजारी बसे, आणि गिऱ्हाइकं निम्मी मालासाठी येत, निम्मी तिच्याशी बोलायला. मूलबाळ नव्हतं, पण दुकानात दिवसभर माणूस असे. मग लढाई सुरू झाली. रॉकेल, साखर, काड्यापेट्या यांच्या रांगा लागल्या. एका सकाळी अप्पाच्या दुकानासमोर, लहानपणापासूनचे दोन दोस्त बाटलीभर रॉकेलसाठी एकमेकांच्या छातीवर बसले. अप्पानं त्यांना सोडवलं, फळ्या लावल्या आणि त्याच हंगामात दुकान विकून टाकलं.

त्या पैशात त्यानं डोंगरावरचं एक पठार घेतलं. ते कोणी फुकटही घेतलं नसतं. सगळ्यात जवळची वस्ती दोन कोस. लढाई इथवर येणार, बाजार बंद पडणार, आणि तेव्हा ज्याचं त्याच्यापाशी असेल तोच तरणार, असा त्याचा हिशेब. त्यानं दगडाचं घर बांधलं, विहीर काढली, गाई पाळल्या. जोंधळा, तूर, करडई घरची. तेलासाठी लहानसा घाणा घरचा. सूतसुद्धा घरी काती. चुलीतली आर राखेखाली रात्रंदिवस जिवंत ठेवी, म्हणजे काडीपेटीचं काम नको. बाजारातून आणायचं ते फक्त मीठ आणि लोखंड, तेही वर्षातून एकदा.

यात बेकायदा काही नव्हतं. लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायचं धान्यही तो वेळेवर घालत असे. पण बाजाराला न येणारा माणूस लोकांना सहन होत नाही, हे मी पुढंही अनेकदा पाहिलं. कोणी म्हणे तो खोटी नाणी पाडतो, कोणी म्हणे त्याला हंडा सापडला आहे. बायको नाहीशी झाल्याचं कळलं आणि या सगळ्या बोलण्याला एकदम पाय फुटले.

फिर्याद झाल्यावर लगेच पायथ्याच्या गावचा पोलीस पाटील खबर घेऊन आला. इकडंतिकडं बघत, आवाज बारीक करून त्यानं सांगितलं, "साहेब, घराच्या मागं गोल लिपलेली जागा हाय. ताजं लिपान. मेंढ्या चारनाऱ्यानं डोळ्यानं बघितलंय."

लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्यासाठी खोल खड्डा काढतात. पाटलाला काय सुचवायचं होतं ते जमादाराला माझ्याआधी कळलं.

"बिठाको गाड दिया साब," तो म्हणाला आणि पट्टा आवळायला लागला.

आम्ही डोंगर चढून गेलो. वर पोचल्यावर मला पहिल्यांदा कौतुकच वाटलं, हे कबूल करायला हवं. गंजी रचलेल्या, गोठा झाडलेला, अंगण सारवलेलं. कुठं काडीचा पसारा नाही. अप्पा उंच, वाळका, कपाळावर भस्माचे पट्टे. आम्हाला बघून घाबरलाही नाही आणि या-बसाही म्हणाला नाही. घरामागं खरोखरच एक गोल जागा होती, मधे उंच आणि कडेला उतरती, शेणामातीनं नुकतीच लिपलेली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पेव."

"पेव उन्हाळ्यात बंद करतात. लिंपण ताजं कसं?"

"वाहिलं."

म्हणजे झडीच्या पावसात लिंपण वाहून गेलं आणि उघडीप मिळाल्यावर त्यानं ते पुन्हा घातलं. हे सगळं त्या एका शब्दातून आपण काढून घ्यायचं. जमिनीत खोल खड्डा घेऊन, आतून कडब्याचं अस्तर देऊन, त्यात वर्षाचं धान्य भरून तोंड बंद करायचं, ही पेवाची रीत आमच्या भागात घरोघरी होती. म्हणजे तो म्हणतो ते खरं असू शकत होतं. तसंच, बाई बसवून पुरायलाही तेवढाच खड्डा लागतो.

"उघडा," मी म्हणालो.

तेव्हा मात्र तो त्या गोलाच्या आणि आमच्या मधे येऊन उभा राहिला. "उघडू नका साहेब. पावसाळी हवा आत गेली की समदा जोंधळा नासंल. ती आली तर तिला खायला काय घालू?"

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब बोलणं. जमादारानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. खरं सांगायचं तर मलाही ते बोलणं जरा जास्तच तयारीचं वाटलं. त्या दिवशी पाऊस धो धो कोसळू लागला आणि सोबत पंच नव्हते, म्हणून पेव तसंच राहिलं. तिथं पाटलाचा माणूस पहाऱ्याला बसवला, गाईंची व्यवस्था लावली आणि अप्पाला ठाण्यात आणलं. निघताना त्यानं मागं वळून एकदाच सांगितलं, "आर विझू देऊ नका."

तपासणीत मी अनेक तऱ्हेची माणसं पाहिली. खोटं बोलणारा फार बोलतो. खरं बोलणारा तेच ते बोलतो. काहीच न बोलणारा मात्र पोलिसाला फार थकवतो. अप्पासमोर मी सकाळ-संध्याकाळ बसलो. बायको कधी गेली? "आखाडात." भांडण झालं होतं? "न्हाय." काही बोलणं झालं होतं? यावर तो बराच वेळ विचार करी आणि म्हणे, "न्हाय." ती माहेरी पोचली नाही हे कळल्यावर शोधायला का गेला नाही? त्यावर तो खाली बघे. भाऊ मोकळा परत गेला तेव्हापासून, ती कुठंतरी दरीत किंवा विहिरीत गेली असणार, अशी धास्ती त्याच्या मनानं घेतली होती, आणि ती खरी ठरेल म्हणून तो शोधायला धजत नव्हता. ते मला फार उशिरा कळलं. त्या वेळी मला समोर फक्त खाली घातलेली मान दिसत होती. जमादाराला दोन तास हवे होते. मी दिले नाहीत. गप्प माणसाला मारलं की तो आणखी गप्प होतो, एवढं मला तोपर्यंत समजलं होतं.

इकडं बातमी जिल्ह्याला गेली होती. मोहतमीमसाहेब म्हणजे जिल्ह्याचे पोलीसप्रमुख. त्यांचा हुकूम आला की पंच नेऊन खड्डा खणा आणि मामला निकाली काढा. हुकूम वाजवी होता. आत बाई निघाली तर अप्पा फासावर जाणार होता. आत जोंधळा निघाला तर तो ओला होऊन सडणार होता आणि संशय तरीही फिटणार नव्हता. डोंगरावर पुरायला जागा काय थोडी होती? म्हणजे दोन्हीकडून माणूस बुडत होता.

आम्ही पुन्हा वर गेलो. बारीक पाऊस लागून राहिलेला. पंच आणि पाटील डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊन उभे. बाईचा भाऊ बरोबर होता. त्याला बसवत नव्हतं आणि त्या गोलाकडं बघवतही नव्हतं. जमादारानं कुदळ उचलली. मी त्याला म्हटलं, जरा थांब, एकदा घर पुन्हा बघू दे.

पहिल्या झडतीत आम्ही पोलिसांना दिसतं तेवढंच बघितलं होतं: लुगडं, पाटल्या, रक्ताचा डाग, विळा-कुऱ्हाड. या वेळी मी स्वयंपाकघरात गेलो. कोपऱ्यात गाडग्यांची उतरंड होती. वरची उतरवत गेलो. मीठ, डाळ, मिरच्या. तळाची तीन गाडगी राखेनं भरलेली होती. माझी आई पुढच्या हंगामाचं बी असंच राखेत घालून उतरंडीच्या तळाशी ठेवायची, किडू नये म्हणून. मी कोपरापर्यंत हात घातला. नुसती राख. दुसऱ्यात घातला, तिसऱ्यात घातला. कुठंही एक बी हाताला लागलं नाही. राख मात्र मऊ, चाळून पुन्हा भरल्यासारखी. शेजारी भिंतीला पिठाची चाळणी लावलेली होती आणि तिच्या भोकांत राख अडकली होती.

मी तिथंच खाली बसलो. ज्यानं बी काढलं त्यानं घाईत काढलं नव्हतं. राख चाळली, बी वेगळं केलं, राख परत गाडग्यात भरली आणि उतरंड होती तशी रचून ठेवली. हे मारेकऱ्याचं काम नव्हतं. ते त्या घरच्या बाईचंच काम होतं, आणि ते तिनं निघण्याआधी, शांतपणे केलं होतं. माहेरी जाणारी बाई चांगलं लुगडं नेते. बी नेत नाही. बी घेऊन जाते ती नवं घर करायला निघालेली बाई.

भावाला आत बोलावलं. "हिच्याकडं बी कशाकशाचं असायचं?"

तो गोंधळला. "दोडका, भोपळा... आन् वाल. आमच्याकडचा वाल. लगीन झालं तवा आईनं वट्यात घातलता. इकडं तसला मिळत न्हाय. शेंगच न्हवं, येल बी जांभळा असतो त्याचा."

मी बाहेर आलो आणि पंचांना परत जायला सांगितलं. पाटलाचं तोंड पडलं. जमादारानं कुदळ खाली ठेवली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी डोंगरावर येताना वाटेत काही भलतंसलतं खाल्लं होतं.

"साब, हुकूम खोदने का है."

"बाई जिवंत आहे. आषाढात पेरलेला वेल एव्हाना मांडवावर चढला असेल. आजूबाजूच्या गावांत कोणाच्या दारात जांभळ्या देठाचा वाल आहे ते बघ."

"अब हम बेलां ढूंडते फिरना क्या?"

पण तो फिरला. मनापासून शिव्या देत फिरला, आणि वेल त्यालाच सापडला. तिथून पाच कोसांवर येडशीला छोट्या रेल्वेचं स्टेशन आहे. स्टेशनच्या मागं खलाशांच्या, म्हणजे रेल्वेच्या मजुरांच्या, झोपड्या होत्या. त्यांच्या कडेला एक नवं छप्पर पडलं होतं, आणि त्याच्यावर जांभळा वेल पार आढ्यापर्यंत गेला होता.

मी दुसऱ्या दिवशी तिथं पोचलो तेव्हा बाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तीन हमाल समोर बसून जेवत होते. चौघंही एकदमच बोलत होते. साध्या विटक्या लुगड्यातली, गळ्यात कापडात बांधलेलं इष्टलिंग. मी कोण ते सांगितलं. तिनं हात धुतले, पदर सावरला.

"तुमच्या खुनाचा तपास चाललाय," मी म्हणालो.

"म्हंजी ती म्याच का?" मग कपाळावर हात मारला. "आवो, गाडीतली मानसं सांगत व्हती, कुना वान्यानं दुसरी बायकू करून पयलीला पेवात घातली. म्या म्हनलं, बिचारी! चार दिस झालं तिच्या नावानं हळहळतीया म्या!"

हमाल हसायला लागले. तीही हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "त्यांला मारलं का वो तुमी?"

"नाही."

"मारू नका. त्यांनी मला बोट लावलं न्हाय कदी."

"मग निघून का आलात?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "साहेब, तितं समदं हाय. दानं हाय, दूध हाय, तेल हाय. दहा वरसं दुष्काळ पडला तरी मरनार न्हाय मानूस. पर दिस उगवल्यापास्नं मावळंपतुर कुनी एक सबूद बोलत न्हाय. म्या इचारलं तर 'व्हय', न्हायतर 'न्हाय'. दुकानात होते तवा गिऱ्हाइकाच्या पायी तरी बोलायचे. म्या गाईसंगं बोलाया लागले. मग घाण्यासंगं. एक दिस घाण्यानं जाब दिला असं वाटलं, तवा म्हनलं, आता हितं ऱ्हायले तर म्या यडी होईन."

"माहेरी का नाही गेलात?"

"भावानं आटवड्यात परत आनून सोडली असती. लुगडं, पाटल्या त्यांच्या पैशाच्या, त्या ठिवल्या. बी माझ्या आईचं, ते घिऊन आले. येडशीला गाडी थांबती म्हनून ऐकलं व्हतं. जितं गाडी थांबती तितं मानूस असतंच की."

तिचा जबाब लिहून घेतला आणि तिला ठाण्यात आणलं. अप्पा कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. ती गजांपुढं जाऊन उभी राहिली. त्यानं मान वर केली. हळूहळू उठला आणि दोन्ही हातांनी गज धरले. मी माणसांना रडताना पुष्कळ पाहिलं आहे, पण त्याच्या चेहऱ्याकडं मला बघवलं नाही. तोंड उघडत होतं, मिटत होतं. अखेर शब्द आला.

"जेवलीस?"

"बगा साहेब," ती माझ्याकडं वळून म्हणाली. "वरीसभराचं बोलून झालं."

भाऊ तिला माहेरी नेतो म्हणत होता, पाटील तिला नवऱ्याच्या हवाली करा म्हणत होता. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, येडशीला जाते. अप्पानं हरकत घेतली नाही. त्याला सोडलं आणि तो डोंगराकडं निघाला. मोहतमीमसाहेबांना कळवलं की बाई जिवंत सापडली, खुनाचा मामला राहिला नाही. त्यावर उत्तर आलं की मग पेव उघडण्याच्या हुकमाची तामील का झाली नाही, याचा खुलासा द्यावा. खुलासा दिला.

या मामल्यानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपासापुरतं सांगायचं तर एवढंच, की घरातून काय गेलं हे बघताना किमती वस्तूंची यादी करून थांबू नये. पण मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. अप्पाच्या गप्प बसण्यानं मी थोड्याच दिवसांत जेरीस आलो होतो, आणि मी तर रोज उठून घरी जाऊ शकत होतो. तिनं ते डोंगरावर वर्षानुवर्षं सोसलं. तो वाईट माणूस नव्हता. येणाऱ्या दिवसांसाठी त्यानं सगळं साठवलं, आणि ते सगळं तिच्यासाठीच होतं. तिला ते कधी सांगावं, एवढं त्याला सुचलं नाही. त्यानं ते सांगितलं मला, तेही पेवापुढं उभं राहून, आणि आम्ही त्याचाच संशय घेतला.

पुढं उन्हाळ्याच्या सुरुवातीला जिल्ह्याच्या कामासाठी गाडी पकडायला मी येडशीला गेलो. तोवर पेव उघडलं होतं. छपरापाशी जोंधळ्याची दोन पोती होती, दाणा पिवळाधमक, आणि पोत्याला टेकून अप्पा बसला होता. बाजाराच्या दिवशी तो खाली येतो, संध्याकाळी परत जातो, असं बाईनं सांगितलं.

"तुम्ही कधी जाणार वर?" मी विचारलं.

"म्या सांगितलंय त्यांला. आलं की एक गोष्ट सांगायची. कसली बी. धड सांगाया आली की येती म्हनलं." तिनं नवऱ्याकडं बघितलं. "सांगा की साहेबांला, कपिलेचं."

अप्पानं घसा साफ केला. आधी जमिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आमची कपिला हाय," तो म्हणाला. "गाय. सांजच्याला तिनं वैरन सोडली. म्या म्हनलं, आज कायतरी हाय..." मग ती कोणत्या कुशीवर बसली, कितीदा उठली, त्यानं गोठ्यात काय अंथरलं, करडईचं तेल कुठं लावलं, हे तो एकेक करून सांगू लागला. अडखळत, मधेच मागं जाऊन, राहिलेलं पुन्हा जोडून. बाई भाकरी थापायची थांबली होती आणि ओठ मिटून ऐकत होती. स्टेशनावर घंटा झाली. मी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. गाडीनं शिट्टी दिली, धूर सोडला आणि ती निघून गेली, तरी अप्पाची गाय अजून व्यायची होती.